पांढरीला लोखंड

प्रवरेला अमृतवाहिनी म्हणण्याचा प्रघात फार जुना आहे. क्षीरसागर घुसळून निघालेले अमृत देव ज्या पंगतीत प्याले, ती पंगत नेवाशाला बसली होती असे तिथले लोक सांगतात. त्या पंगतीत चोरून शिरलेल्या राहूचे शिर जिथे पडले ते राहुरी, असेही सांगतात. आणि मोहिनीचे रूप घेऊन वाढणाऱ्या विष्णूचे देऊळ तर नेवाशात आजही उभे आहे. त्याच मंथनातून अमृताच्या आधी वारुणी नावाची मद्यदेवता वर आली आणि ती असुरांच्या वाट्याला गेली, एवढा भाग मात्र कथेकरी भराभर उरकतात. धामणकोंडच्या वैजनाथाने अलीकडे नेमका तेवढाच भाग उचलला होता. आपल्या द्राक्षबागेवर आलेल्या पाहुण्यांना नदी दाखवताना तो म्हणे, "आमच्या खोऱ्यात दारू अमृताच्याबी आधी आली." पाहुणे हसत. ते आपल्या विद्वत्तेला हसून दाद देत आहेत असा वैजनाथाचा समज असे.

धामणकोंड हे नेवासे तालुक्यातले, प्रवरेच्या एका संथ वळणावर वसलेले गाव. बाजाराला सोनईला जाणारे, देवाला शिंगणापूरला जाणारे आणि कोर्टाला नगरला जाणारे. नदीच्या दोन्ही थड्या काळ्या मातीच्या, पुरुषभर खोल. त्या मातीखाली पिवळी माती, आणि पिवळीच्याही खाली दगडगोट्यांचा घट्ट थर. त्या थरात अश्मयुगातल्या माणसाने घडवलेल्या हातकुऱ्हाडी सापडतात. बदामाच्या आकाराचा, दोन्ही अंगांनी टवके काढून धार आणलेला तो दगड हातात धरला की ज्या हाताने तो प्रथम धरला त्या हाताचा अंदाज येतो. असे दगड धामणकोंडच्या बायका टाचा घासायला वापरतात, आणि त्यात त्या दगडाचा काही अवमान होतो असे म्हणता येणार नाही. इतक्या लक्ष वर्षांनंतरही उपयोगी पडणे हे कोणाच्या भाग्यी असते?

नदीच्या वळणाशी, गावाच्या पश्चिमेला, पांढरीचे टेकाड होते. आपल्याकडे जमिनीचे दोन वर्ण मानले आहेत. पिकते ती काळी आणि माणूस राहतो ती पांढरी. ह्या टेकाडावर साडेतीन हजार वर्षांपूर्वी शेतकऱ्यांची वस्ती होती. कुडाची, मातीने लिंपलेली त्यांची घरे होती. तांबड्या भांड्यांवर काळ्या रंगाने रेघा आणि हरणे काढण्याची त्यांना हौस होती. जव, मसूर आणि बोरे ते खात. पुढे पाऊस हटला असावा. माणसे निघून गेली. चुलींची राख, भिंतींचा चिखल, शेण, हाडे आणि खापरे मागे राहिली, आणि त्यांचीच शतकानुशतके बसून ही भुरी, मऊ, राखेसारखी माती झाली.

त्या लोकांची एक रीत होती. घरातले लहान मूल गेले की ते दोन मडक्यांत घालीत, मडक्यांची तोंडे एकमेकांना जोडीत आणि ती जोडी घराच्या जमिनीखाली पुरीत. मूल घराबाहेर जाऊ नये, एवढाच त्यामागचा विचार असावा. आणि धामणकोंडात आजही दात न आलेले मूल दगावले तर त्याला अग्नी देत नाहीत. पांढरीच्या पायथ्याशी पुरतात. ही रीत कोणी कोणाला शिकवली, ह्याचा पत्ता ना गावाला आहे ना पंडितांना.

म्हणून पांढरीचा एक नियम होता: तिला लोखंड लावायचे नाही. पावसाने जेवढी माती धुऊन पायथ्याला आणली असेल तेवढीच दिवाळीनंतर, नारळ फोडून, हाताने पाटीत भरून न्यायची. कोणी ती धाब्याच्या घरावर पसरी, कोणी ज्वारीच्या रानात टाकी. ज्वारी तिच्यावर तरारून येई. वैजनाथाच्या वडिलांच्या रानालगत ते टेकाड असल्याने त्याची राखण त्याच घराकडे होती. भावांची वाटणी झाली तेव्हा सारे विभागले गेले, पांढरी तेवढी सामाईक राहिली.

थोरला सहादेव ज्वारी, कांदा आणि थोडा ऊस करणारा, कमी बोलणारा, आणि बोललाच तर समोरच्याची आधीची दोन वाक्ये पचवून मग बोलणारा. धाकटा वैजनाथ ह्याच्या अगदी उलट.

साहित्यशास्त्रकारांनी स्थायीभाव मोजताना जुगुप्सा धरली, तुच्छता धरली नाही. त्यांना धामणकोंडचा परिचय नव्हता. वैजनाथाचा स्थायीभाव तुच्छता हाच होता. ऊस लावणाऱ्यांना तो शेतकरी म्हणत नसे. पाणी सोडायचे, पारावर बसायचे आणि कारखान्याच्या टोळीची वाट पाहायची, ह्याला शेती म्हणायचे तर म्हशीच्या डुंबण्याला पोहणे म्हणावे लागेल, असे त्याचे मत होते. कांदा लावणारे जुगारी, ज्वारी पेरणारे आळशी आणि नोकरीला गेलेले पळपुटे. स्वतःचा मुलगा चाकणला कामाला लागला तेव्हा त्याने पेढे वाटले नाहीत. बापाच्या बागेत कात्री धरायला मनगट लागते, ते नसलेली माणसे यंत्रांची बटणे दाबतात, एवढे बोलून तो बागेत गेला. त्याची बायको रंगुबाई हे सारे जन्मभर मुकाट ऐकत आली आणि एका हिवाळ्यात तापाने गेली. तेव्हापासून तो हाताने भाकरी थापी आणि त्या भाकरीलाही नावे ठेवी.

असा माणूस नुसताच तोंडाळ असता तर गावाने त्याला केव्हाच हसण्यावारी नेले असते. अडचण ही होती की द्राक्षातले त्याला खरोखर कळे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वाढलेल्या काडीवर बोट फिरवून कुठल्या डोळ्यात घड दडला आहे हे तो सांगे, आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर तो घड तिथूनच बाहेर पडे. काष्टीपासूनचे बागाईतदार एकेकाळी त्याला गाडी पाठवून नेत. लोक त्याचे ऐकत, आणि तो ऐकवीत असे.

खाण्याच्या द्राक्षांची त्याची बाग एका गारपिटीत गेली. त्याच सुमारास नाशकाकडची एक मद्याची कंपनी खोऱ्यात उतरली आणि वैजनाथाने दोन एकरांत मद्याच्या द्राक्षांचे वेल लावले. बांधावर उभे राहून गावाने करमणूक करून घेतली, कारण ती द्राक्षे वाटाण्याएवढी, जाड सालीची, प्रत्येकात दोनदोन बिया. वैजनाथ म्हणे, "तुमी खाता ती द्राक्षं पोरांची. ही जानत्यांची." त्या दोन एकरांवर त्याने आजवरची आपली सारी तुच्छता पणाला लावली होती. बाग साधली तर तो बरोबर आणि बाकीचे गाव मूर्ख. बाग फसली तर काय, हा विचार त्याने कधी केला नव्हता. पण गावाने केला होता, आणि गाव वाट पाहत होते.

वेल वाढले, जरा जास्तच वाढले. काळ्या रानात पाने हातभर पसरली आणि घड मात्र विरळ राहिले. तेव्हा कंपनीचा परदेशात शिकून आलेला एक साहेब बागेवर आला. बागेच्या मधोमध उभे राहून त्याने सांगितले की जगातले उत्तम मद्य पांढऱ्या, चुनखडीच्या, भुकेल्या जमिनीतच पिकते. तिथे वेलाला कष्ट पडतात, आणि कष्टातून फळाला चव येते. कष्टाबद्दल हे बोलताना त्याच्या डोक्यावर एका मजुराने छत्री धरली होती. वैजनाथाने सारे ऐकून घेतले. साहेबाला काही येत असेल आणि आपल्याला नसेल, ही गोष्ट त्याच्या घशाखाली उतरेना. तो म्हणाला, "पांढरी जमीन ना? आमच्याकडं टेकाडभर हाय."

साहेबाने मान हलवली. त्याला वाटले शेतकरी काहीतरी काव्यमय बोलला.

दोन दिवसांत जेसीबी पांढरीपाशी उभा राहिला. सहादेव कांद्याच्या रानातून चालत आला. त्याच्यामागे त्याची बायको मनकर्णा आली.

"वैजू," सहादेव म्हणाला, "पांढरीला लोखंड लावू नको."

"का? रगत येतं का तिला?"

"तुला पायजे ती पायथ्याची ने. पाटीनं ने. आबा तसंच न्यायचे."

"आबांनी पाटीनं नेलं, म्हनून पाटीभरच पिकलं."

ह्यावर ड्रायव्हर हसला. मनकर्णेला गप्प बसवेना. ती म्हणाली, "भाऊजी, तिथं लेकरं निजल्यात."

"निजू द्या की वहिनी. म्या कुठं त्यांना शाळंत घालायला चाललोय? म्या माती नेतोय."

आपला अर्धा हिस्सा म्हणून त्याने टेकाडाचा नदीकडचा अर्धा भाग धरला. साडेतीन हजार वर्षांत जे साचले ते संध्याकाळच्या आत निम्मे झाले. कापलेल्या कडेवर एकावर एक घरांच्या जमिनी दिसू लागल्या. राखेचा करडा पट्टा, त्यावर लिंपलेल्या मातीचा पिवळसर, त्यावर जळक्या मातीचा तांबूस, आणि पुन्हा राख. एखादी जुनी पोथी कडेने पाहावी, तसे ते दृश्य होते. ती वाचू शकणारे विद्वान पुण्यात होते आणि त्यांपैकी दोघे ह्या टेकाडाचे नाव असलेला निबंध घेऊन परदेशी परिषदांनाही जाऊन आले होते. धामणकोंडला मात्र ते एकदाच, पावसाळ्यात आले होते, आणि चिखल पाहून गाडीतूनच परतले होते. ट्रॉल्या भरल्या, बागेत रित्या झाल्या, वेलांच्या बुडाशी माती पसरली गेली. तांबडी खापरे इथेतिथे उन्हात चमकू लागली. ट्रॉलीतून दोन मडक्यांचे तुकडे सांडले, त्यांत पोपटाच्या हाडांएवढी हाडे होती. मनकर्णेने ती पदरात गोळा केली, टेकाडाच्या उरलेल्या अर्ध्या भागाशी पुरली, वर कुंकू वाहिले आणि ती घरी गेली. त्या दिवसापासून दोन्ही घरांतले बोलणे बंद झाले.

ह्यानंतर कंपनीला टेकाडाचा शोध लागला. जाहिरातीचे काम पाहणारी धनश्री नावाची पुण्याची तरुणी आली. तिने वैजनाथाच्या कोनाड्यात ठेवलेले, टेकाडातून निघालेले एक तोटीचे भांडे पाहिले आणि ती मद्याची सुरई असल्याचे तिथल्या तिथे ठरवून टाकले. टेकाडावरच्या त्या जुन्या घरांत द्राक्षाचा एक मणीही कधी आला नव्हता. पण जाहिरातीला प्रमाण लागत नाही, प्रकाश लागतो, आणि तो तिने भरपूर आणला होता. वैजनाथानेही हात आखडता घेतला नाही. वारुणी, मोहिनी, अमृत, असुर, जे जे आठवले ते त्याने तिच्या पुढ्यात ओतले. महिन्याभरात कंपनीच्या बाटलीवर हरणाचे चित्र आले आणि खाली ओळ आली की ह्या खोऱ्यात साडेतीन हजार वर्षे मद्य गाळले जात आहे. ज्या हरणाने जन्मात फक्त गवत खाल्ले, ते बिचारे झिंगून बाटलीवर उभे राहिले.

बाटली तिकडे सजत होती आणि इकडे बाग पिवळी पडत होती.

एप्रिलच्या छाटणीनंतर जे कोंब फुटले ते मुळातच फिकट. पाने उलगडली तशी हळदीसारखी झाली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. मग पानांच्या कडा जळू लागल्या. वैजनाथाने लोह पुरवणारे हिराकस घातले, पुन्हा घातले, फवारले. तो पहाटेच बागेत जाई, म्हणजे बांधावरून कोणी पाहायच्या आत जळकी पाने खुडून होत. कोणी विचारले तर परदेशी जातीचा रंगच असा, असे सांगे. पाराजवळून जाताना म्हणे, "म्हशीचं पाव्हनं म्हशीला." त्याचा अर्थ कोणाला कळत नसे, बहुधा त्यालाही नसे, पण बोलल्याशिवाय पारावरून जाणे त्याला जमत नसे.

कंपनीची कृषितज्ज्ञ पंकजा बागेवर आली तेव्हा त्याने तिलाही हेच सांगून पाहिले. ती राहुरीला शिकलेली, एका बागाईतदाराची मुलगी होती. खाली बसून तिने वेलाच्या बुडाची माती बोटाने उकरली, तिच्यावर बाटलीतले थोडे आम्ल टाकले आणि माती फसफसली.

"काका, ही कोणी टाकायला सांगितली?"

"तुमच्याच साहेबांनी."

"साहेबांनी पांढरी सांगितली, गावाची राख नाही सांगितली." ती हात झटकत उभी राहिली. "आपल्याकडच्या कलमांच्या खुंटाला इतका चुना सोसत नाही. मुळं आहेत, पण त्यांना लोह उचलता येत नाही. औषधं किती घालाल?"

मग तिने उपाय सांगितला. वेलाच्या बुडाची शक्य तेवढी पांढरी खरवडून काढायची आणि तिथे नदीची हलकी, गोड मळई भरायची, पावसाळ्याच्या आत. सगळे वाचतील असे ती सांगू शकत नव्हती. काहीच न केल्यास सगळे जातील, हे सांगू शकत होती.

मळई म्हणजे पुराने थडीवर आणून टाकलेला गाळ. तो धामणकोंडात एकाच माणसाच्या रानात होता आणि तो माणूस म्हणजे सहादेव. मळईसाठी त्याच्या दारात जायचे म्हणजे पांढरीला लोखंड लावण्यात आपण चुकलो असे म्हणायचे. आणि 'मी चुकलो' ही दोन पदे वैजनाथाच्या तोंडून गावाने कधी ऐकलेली नव्हती.

अशा वेळी मोहिनीने पुन्हा रूप घेतले. कंपनीचा साहेब आला आणि त्याने दुसराच प्रस्ताव मांडला. पांढरीच्या उरलेल्या अर्ध्या टेकाडावर, जिथून नदी छान दिसते तिथे, कंपनीला काचेचे चषकगृह बांधायचे होते. लोकांनी सकाळी शिंगणापूरला शनीला तेल वाहावे आणि दुपारी इथे येऊन पेला उचलावा, अशी शनिवारची सहल आखून तयार होती. एकाच दिवसात पाप आणि पुण्य दोन्ही उरकण्याची एवढी चोख सोय पुराणांनाही सुचली नव्हती. बागेची जागा गाड्या लावायला सपाट करायची होती, आणि वैजनाथाला 'प्राचीन मद्यपरंपरेचा वारसदार' म्हणून फेटा बांधून तिथे उभे करायचे होते. फक्त जागा सामाईक असल्याने भावाची संमती हवी होती, आणि ती वैजनाथाने आणायची होती.

वैजनाथाला त्या प्रस्तावातले मर्म ताबडतोब कळले. बाग फसली असे मग कोणी म्हणणार नव्हते. बाग वारशाला वाहिली, असे म्हणणार होते. गावाला हसायला जागाच उरणार नव्हती. दोन्ही वाटा सहादेवाच्या दाराशी जात होत्या. एका वाटेने गेले तर बाग कदाचित वाचत होती आणि मान जात होता. दुसरीने गेले तर मान राहत होता आणि बाग व पांढरी दोन्ही जात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सहादेवाच्या वस्तीवर गेला. मे महिना होता. नवराबायको चाळीत कांदा भरण्याआधी तो निवडीत बसले होते. सडका एकीकडे, दुभाळका म्हणजे जोडकांदा एकीकडे. मनकर्णेने बसायला पोते पुढे सारले. वैजनाथ बसला आणि त्याने कंपनीचा प्रस्ताव सांगायला सुरुवात केली. बोलताना त्याच्या अंगात नेहमीचे वारे शिरले. कांद्यात आयुष्य घालवणाऱ्यांना काचेच्या इमारतीची किंमत काय कळणार, टेकाड नुसते पडून काय अंडी घालणार आहे, आबांच्या पाटीने हे घर कुठवर आले, सारे त्याने सांगितले. साहेबाचे शब्द त्याने साहेबाच्याच थाटात म्हणून दाखवले. सहादेव कांदे निवडीत राहिला.

मग तो म्हणाला, "हे झालं कंपनीला काय पायजे ते. तुला काय पायजे?"

वैजनाथाने तोंड उघडले. तोंडात नेहमीप्रमाणे काहीतरी तयार असेल अशी त्याची अपेक्षा होती. तयार काहीच नव्हते. समोर पेरूच्या झाडापलीकडे नदीकाठची मळई होती, पुराने सारवून ठेवल्यासारखी, तपकिरी, ओलसर.

"मळई," तो म्हणाला.

"काय?" मनकर्णेने विचारले. तिला ऐकू आले होते. पण असे काही आयुष्यात दोनदा ऐकायला मिळत असेल तर कोण सोडील?

"बागंला मळई पायजे. पांढरीनं बाग जळाया लागली." कोणीतरी चिमट्याने ओढून काढावे तसे त्याने पुढचे शब्द काढले, "म्या चुकलो, दादा. लोखंड लावाया नको हुतं."

सहादेवाने हातातला कांदा फिरवून पाहिला आणि चांगल्यांत टाकला. "किती लागंल?"

"लई लागंल."

"ने."

एवढ्यावर सारे मिटले असते तर वैजनाथाला ते सोसले नसते. ती उणीव मनकर्णेने भरून काढली. "ने म्हनं," ती म्हणाली. "भाऊजी, वाटनीच्या दिशी मळई आमच्या पदरात पडली तवा तुमी काय बोलला हुता? दादाला बेडकांची जहागीर भेटली म्हनला हुता. आता आधी बेडकांना इचारून या. ती हो म्हनली तर न्या."

सहादेव हसला. तो हसला की त्याचे खांदे हलत, आवाज येत नसे. वैजनाथ मान खाली घालून पोत्याचा सुटा दोरा ओढीत राहिला.

उठताना सहादेवाने एवढेच सांगितले की खरवडलेली पांढरी उकिरड्यावर टाकू नये, जिथून आणली तिथे न्यावी, आणि पाटीने न्यावी.

मग वैजनाथाने दोन गडी लावले, आणि स्वतःही डोक्यावर चुंबळ ठेवून पाटी घेतली. जेसीबीने एका दिवसात आणलेले परत नेता नेता मृगाचे नक्षत्र आले. वेलांची मुळे दुखवायची नव्हती म्हणून पांढरी खुरप्याने, मग हाताने उकरावी लागे. हाताला खापरे लागत, क्वचित दुधाचा एखादा दातही लागे. वैजनाथ तो बाजूला काढून ठेवी आणि संध्याकाळी मनकर्णेकडे नेऊन देई. बांधावर गाव उभे राही. गावाने फार दिवस वाट पाहिली होती आणि आता ते कसलीही कसर ठेवणार नव्हते. कोणी विचारी, परदेशी जातीचा रंग उतरला का? कोणी विचारी, जानत्यांची द्राक्षं कधी मिळनार? वैजनाथ पाटी घेऊन पुढे जाई.

ही बातमी लागताच धनश्री आपली प्रकाशयंत्रणा घेऊन पुन्हा आली. उतारवयातला शेतकरी आपल्या पूर्वजांची माती डोक्यावरून वाहून परत नेतो आहे, ह्यापेक्षा सुंदर चित्र कुठल्याही बाटलीला मिळाले नसते. तिने त्याला टेकाडाच्या पायथ्याशी उभे केले आणि म्हणाली, "काका, थोडं हसाल का?"

"म्याच खनली ही," वैजनाथ म्हणाला. "आता म्याच भरतोय. ह्यात हसन्यासारखं हाय, पन ते गावासाठी. तुमच्यासाठी न्हाई."

कंपनीने ती चित्रफीत प्रसिद्ध केली. त्यात वैजनाथ पाटी वाहतो, मागे नदी वाहते आणि बासरी वाजते. त्याचा आवाज तेवढा काढून टाकलेला आहे.

खरे म्हणजे तो जे रचीत होता ते टेकाड नव्हते, ढीग होता. घरावर घर, राखेवर राख असा जो क्रम काळाने लावला होता, तो एकदा मोडल्यावर विश्वकर्म्यालाही लावता येणार नाही. पोथीची पाने फाडून पोत्यात भरली तर त्या पोत्याला कोणी पोथी म्हणत नाही. हे वैजनाथाला कोणी सांगितले नाही. बहुधा सांगण्याची गरज नव्हती. नारळ मात्र त्याने फोडला, आणि त्यातला मोठा तुकडा बांधावरच्या सर्वांत वाचाळ माणसाच्या हातात दिला.

वेलांच्या काही ओळी गेल्याच. रस्त्याकडच्या वेलांची काडी वाळून काळी पडली. नदीकडच्या ओळींवर ऑक्टोबरच्या छाटणीनंतर हिरवे कोंब आले, मग घडही आले. पण वेल आजारातून उठलेले, त्यांच्यात फळात साखर भरण्याचा जोर नव्हता. फेब्रुवारीत पंकजा आली, तिने मण्याचा थेंब दुर्बिणीसारख्या छोट्या नळीवर टाकून डोळ्याला लावला आणि मान हलवली. साखर चढलेली नव्हती, कंपनी माल उचलणार नव्हती. पुढच्या वर्षी येईल, ती म्हणाली, मुळे जिवंत आहेत. साहेबाचा फोन काही आला नाही. दुसऱ्या कुठल्याशा नदीकाठी कंपनीला ह्याहून जुने टेकाड सापडल्याचे, आणि तिथल्या मालकाला भाऊच नसल्याचे कानावर आले.

म्हणून त्या वर्षी जानत्यांची द्राक्षे वेलावरच राहिली. व्यापारी ती घेईनात, पोरे तोंडात टाकून थुंकून देत. एका सकाळी मनकर्णा पाटी घेऊन बागेत शिरली आणि कोणाला न विचारता घड तोडू लागली. वैजनाथ खोपटातून बाहेर आला.

"काय करता, वहिनी?"

"चिंचा महाग झाल्यात," ती म्हणाली, आणि तोडीत राहिली. पाटी भरल्यावर तिने ती कमरेवर घेतली. "सांजच्याला या जेवायला. भाकरी थापू नगा."

संध्याकाळी सहादेवाच्या ओट्यावर दोघे भाऊ जेवायला बसले. आमटी तुरीच्या डाळीची होती, आणि तिच्यात कुटून गाळलेल्या द्राक्षांचा आंबटपणा उतरला होता. अमृत, वारुणी, परदेशी चुनखडी आणि साडेतीन हजार वर्षांची परंपरा एवढ्या सगळ्यांच्या उठाठेवीनंतर त्या द्राक्षांना प्रथमच नीट काहीतरी काम मिळाले होते. सहादेवाने भाकरी कुस्करली. वैजनाथाने वाटी तोंडाला लावून भुरका मारला. मनकर्णा पाहत होती.

"मीठ कमी हाय," वैजनाथ म्हणाला.

"मीठ बराबर हाय. जेवा गप."

त्याने वाटी संपवली आणि पुन्हा पुढे केली.